पंधरा मिनिटं पुढे

खुर्सीपारची नीतू पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवते आणि मनगटावर बापाचं जुनं चावीचं घड्याळ बांधते. वडील रामाजी वारले तेव्हा भावानं त्यांची रिटायर झाल्यावर घेतलेली मोटरसायकल ठेवून घेतली, हिनं घड्याळ मागितलं. पट्टा सैल होता, म्हणून त्याला स्वतःच दोन भोकं पाडली.

मागच्या आठवड्यात काच तडकली, तेव्हा तिनं ते सुपेल्याच्या बाजारात देवानंदकाकांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात टाकलं. आज काकांनी मोठ्या कौतुकानं परत दिलं. "काच नवी बसवली, पोरी. अन् पंधरा मिनिटं पुढं चालत होतं, तेही बरोबर करून देल्लं."

नीतूचं डोकंच फिरलं. "तुमाले कोणं सांगतलं होतं, काका?"

"अवं, चुकीचा टाइम दाखवत होतं ते!"

"चुकीचा कावून? बाबा तीस वर्षं सायकलनं ड्यूटीवर गेले. रेल्वेचं फाटक बंद भेटो का चेन उतरो, भोंग्याच्या आधी गेटवर हजर! ते पंधरा मिनिटं बाबानं कमावले होते. आता ते माह्ये आहेत."

तिनं तिथंच उभ्या उभ्या काटा पुढे सरकवला आणि घड्याळ मनगटावर चढवलं.

"एक वाजला, काका. निघतो मी ड्यूटीवर."

काकांच्या भिंतीवर तेव्हा पावणेएक झाला होता.