आईनं पडद्याला हात पुसला

मंडळी, आज वॉर्डात सगळ्यांसमोर आईला बोलले.

मी इन्फेक्शन कंट्रोलची नर्स. आमच्याकडं नुकतेच जंतू वाढू न देणारे पडदे लागलेत. मळले की धुवायचे नाहीत, टाकून द्यायचे. त्यांच्यासाठी मीच भांडले होते.

ऑपरेशन होऊन आमच्याच वॉर्डात असलेल्या मामाला बघायला आई पिशोरहून आली. केळं खाल्लं आणि हात सरळ पडद्याला पुसला.

“आई, आधी हात धू,” म्हणत मी पडदा उतरवला. ती हात धुवायला निघून गेली. दुखावली असं वाटलं.

नंतर लिफ्टपाशी तिला बाबांशी फोनवर बोलताना ऐकलं, “अहो, पोरीनं अख्खा पडदा टाकला. मला पण सोडलं नाय. आता भावाची काळजी नाय.”

तुमच्याही घरी कौतुक असंच, आपल्या माघारी होतं का?