एकोणिसाव्या वेळचा सूर

दादाने तीस वर्षं व्हायोलिन शिकवलं आणि तीच तीस वर्षं एका सुरापुढे हात टेकले. एका जुन्या गतीचा, म्हणजे वाद्यावर वाजवायच्या बंदिशीचा, शेवटचा, उंच सूर. तिथे त्याची करंगळी घसरायचीच. मी धाकटा भाऊ, त्याच घरात राहतो, म्हणून सांगतो. तो सूर जवळ आला की स्वयंपाकघरात वहिनीचा भांडी घासणारा हात थांबे. सूर घसरला की भांडी पुन्हा वाजू लागत. वहिनी तोंडाने कधी काही बोलली नाही. तिला एकदा तरी तो सूर ऐकवायचा, एवढीच दादाची हाव.

मग सिनेमावाले आले. गोष्ट व्हायोलिनसाठी जिवाचं रान करणाऱ्या पोराची. शेवटी परीक्षकांसमोर वादन. नटाला वाजवता येत नव्हतं, म्हणून हात दादाचे. हातांवरचे पांढरे केस काढले, सुरकुत्यांवर रंग थापला आणि साठीच्या माणसाला विशीतला शर्ट चढवला. शेवटाला कोणती गत घ्यायची ते दादानेच सुचवलं. नको तिथे हौस!

सकाळपासून दिग्दर्शकाचं एकच, "काका, अजून एकदा." अठरा वेळा करंगळी घसरली. एकोणिसाव्या वेळी सूर लागला, असा की दिवेवालाही हातातलं काम विसरला. घरी येऊन दादा वहिनीला एवढंच म्हणाला, "आता थेटरातच ऐक."

थेटरात वहिनी श्वास रोखून बसली होती. पडद्यावर करंगळी उचलली गेली आणि पडदा काळा झाला. नावं सरकू लागली. बाहेर लोक तावातावाने भांडत होते, पोरगा जिंकला की हरला.

दादाने दिग्दर्शकाला गाठलं. "अहो, सूर लागला होता की."

"म्हणून तर कापला, काका. सूर ऐकवला की गोष्टच संपली. मला तुमचा दमलेला हात हवा होता. तो एकोणिसाव्या वेळी मिळाला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दादा नुसता "बरं" म्हणाला.

घरी येताना वहिनीने विचारलं, "खरंच लागला होता?"

"लागला होता गं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच," ती म्हणाली, आजारी माणसाची समजूत काढावी तशी. त्यापेक्षा भांडी परवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तीच गत घेतली. शेवटच्या सुराशी आला, करंगळी उचलली आणि व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं. आत वहिनी नळ बंद करून, हातात पातेलं धरून उभी होती. बराच वेळ.