गावदेवी, प्लास्टिकचा डबा आणि परांजपे मॅडम

आमच्या गावदेवीची कीर्ती पार पुण्यापर्यंत पोचली, ती माझ्या एका प्लास्टिकच्या डब्यामुळे.

आमचं गाव नवी मुंबईत आहे. म्हणजे गाव आधीपासून होतंच, नवी मुंबई त्याच्याभोवती नंतर येऊन बसली. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सेक्टर. मी बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करतो. डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून दम भरला आणि नुसतं चालायचा कंटाळा, म्हणून मी एक छंद धरला. जिओकॅशिंग! कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे अ‍ॅपवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइल धरून तो शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवून निघून जायचं.

"मग मिळतं काय?" माझ्या बायकोनं, सुजातानं विचारलं.

"डबा."

"तो घरी आणायचा?"

"छे! परत ठेवायचा."

तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. (डॉक्टर बदलावा की नवरा, एवढाच प्रश्न तिच्या चेहऱ्यावर शिल्लक होता.)

पण खरं सांगतो, पहिली डबी सापडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तुर्भ्याला, ट्रकांच्या रांगेमागे, ज्या भिंतीजवळून मी वर्षानुवर्षं जात होतो तिच्याच भेगेत अंगठ्याएवढी डबी! आत कागदाची सुरळी, तिच्यावर कुठल्या कुठल्या माणसांच्या सह्या. एवढं जग शेजारून जातं आणि कुणाला पत्ता नाही! त्या दिवसापासून मी नवी मुंबईतल्या प्रत्येक भिंतीकडे आदरानं बघायला लागलो.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. इतकी भांडणं मी आमच्या भावकीतही पाहिलेली नाहीत. डबा झाडावर दिसला, पण हात पोचला नाही म्हणून सही केली नाही, तर तो 'सापडला' म्हणायचा का? या एका प्रश्नावर दोन सभ्य माणसं ग्रुप सोडून गेली! नियमांच्या बाजूला होत्या परांजपे मॅडम. नेरुळच्या, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाहेरच्या, म्हणजे या छंदात नसलेल्या माणसाला संशय येऊ द्यायचा नाही, डब्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही, आतली छोटी भेटवस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, आणि जागा ज्याची त्याची परवानगी घ्यायची. हे सगळं त्या महिन्यातून एकदा तरी नव्यानं लिहायच्या. त्यांच्या विरोधात ऐरोलीचा नायर. "मॅडम, टेन्शन कशाला? मजा करा ना!" एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

तर असा मी, स्वतःचा पहिला डबा लपवायला निघालो. जागा निवडली ती गावदेवीच्या देवळामागची. तिथे जेट्टीकडे तोंड करून एक जुना दगडी कट्टा आहे. ओहोटीला समोर सगळा चिखल चकाकतो आणि त्यात फ्लेमिंगो उभे असतात. गावाबाहेरच्यांनी हे बघायलाच हवं, असं मला फार वाटायचं. कट्ट्याखालच्या फटीत डबा ठेवला. आत एक की-चेन, दोन स्टिकर आणि एक रबरी बेडूक.

परवानगी? आता देवळाची सगळी व्यवस्था महिला मंडळाकडे, आणि महिला मंडळाची अध्यक्ष माझी आई. पण आई म्हणजे छंदाच्या दृष्टीनं बाहेरचा माणूस. तिला संशय येऊ द्यायचा नाही, हा नियम. मग परवानगी मागायची कशी? मी फक्त एकच नियम पाळायचं ठरवलं. (सोपा होता तो.)

पहिल्याच रविवारी आई घरात आली ती डोळे मोठे करून.

"हेमंता, आज देवलाकडं ठान्याचं जोडपं आलं व्हतं. कट्ट्यापाशी गुडघ्यावर बसून पार जमिनीला डोकी टेकली रं त्यांनी!"

मी चहात बिस्किट बुडवलं. ते तिथेच राहिलं.

"मी इचारलं, काय शोधताव? तर बाई म्हनली, काय नाय, दर्शनाला आलाव."

माझ्या लक्षात आलं. बाहेरच्या माणसाला संशय येऊ द्यायचा नाही! नियम पाळणारी माणसं! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात पनवेलचे तिघं आले. मग कल्याणचे. मग पुण्याहून एक मुलगी, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. प्रत्येकजण कट्ट्यापाशी वाकायचा, चाचपडायचा, खूश होऊन उठायचा आणि आईनं विचारलं की म्हणायचा, "दर्शनाला." अख्ख्या गावात बोभाटा झाला. देवी पुण्याच्या लोकांना पावली! महिला मंडळानं देवळाचं रंगकाम काढलं. आई आल्या-गेल्याला चहा द्यायला लागली.

"सांगून टाका ना त्यांना," सुजाता म्हणाली.

"कसं सांगू? रंग द्यायला शिडी लावलीये तिनं!"

आणि रंगकामातच डबा आईला सापडला. आतला बेडूक, की-चेन आणि सह्यांचा कागद बघून तिनं ओळखलं (म्हणजे तिला तसं वाटलं) की भक्तांनी आपापली नावं लिहून देवीपाशी ठेवलीत. तिनं डबा स्वच्छ धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि थेट देवीसमोर मांडला. आत घरच्या नारळाच्या वड्याही ठेवल्या.

संध्याकाळी अ‍ॅपवर नोंद आली: 'डबा लगेच सापडला. हार घातला होता. वडी अप्रतिम.'

ग्रुप पेटला! डबा हलवला कुणी? समोर दिसतोय, तर त्याला सापडणं म्हणायचं का? खाण्याची वस्तू! मुंग्या! नायरनं फक्त एवढंच लिहिलं, "वडी संपली काय?" शेवटी परांजपे मॅडमचा निरोप आला: 'रविवारी मी स्वतः येते.'

रविवारी मॅडम आल्या. पांढरी टोपी, काठी, पाठीवर सॅक. मी देवळाच्या पायरीवर, नापास झालेल्या पोरासारखा उभा. त्या काही बोलणार तेवढ्यात आई पुढे.

"ये बाय, बस. कंचा नवस बोललीस?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं. नियम मॅडमनीच लिहिलेला. बाहेरच्या माणसाला संशय...

"गुडघे," मॅडम कसंबसं म्हणाल्या. "गुडघे दुखतात."

"आगो बाय!" म्हणत आईनं त्यांना कट्ट्यावर बसवलं, तेल मागवलं, आणि निवृत्त प्राध्यापिकेचे गुडघे भर देवळाच्या आवारात चोळायला घेतले! मॅडमचा चेहरा आधी ताठ होता. मग सैलावला. मग त्यांचे डोळेच भरून आले.

"मावशी, थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं आता खोटं बोलवत नाही. मी नवसाला नाही आले. त्या डब्यासाठी आले. सगळेच त्याच्यासाठी येतात. तो तुमच्या मुलानं ठेवलाय."

आईचा हात थांबला. शिडीवरचा रंगारीसुद्धा थांबला. पळून जायला माझ्यासमोर फक्त खाडी होती, आणि तिला ओहोटी.

"म्हंजे पुन्याचा तो म्हातारा," आई सावकाश म्हणाली, "त्यो ह्या डब्यासाठी आला?"

"हो."

"आनि डब्यात काय हाय? बेडूक?"

"बेडूक," मी म्हणालो.

"त्यो नेला नाय कुनी?"

"एक घेतलं तर एक ठेवायचं असतं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "आणि डबा होता तसा परत ठेवायचा."

"बघायला कोन असतं?"

"कुणीच नाही."

आई डब्याकडे बघत राहिली. मग आमच्याकडे. अख्ख्या मासळी बाजाराला धाकात ठेवलेली माझी आई, तिच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोन बघत नाय, काय मिलत नाय, तरी इतक्या लांबून येतान, आनि जागच्या जागी ठेवून जातान?" तिनं हात जोडले. देवीला की मॅडमना, ते नीट कळलं नाही. "अशी मानसं हायत अजून!"

समोर ओल्या चिखलावर ऊन पडलं होतं. तेवढ्यात फ्लेमिंगोंचा अख्खा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला. मॅडम टोपी काढून बघत राहिल्या.

मग आई माझ्याकडे वळली. "पन मला इचारलंस का रं, ठेवताना?"

ते पुढचं सगळं मी लिहीत नाही. आगरी-कोळी माणसाला कल्पना येईल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. निकाल एवढाच लागला की देवळात देवी राहील आणि डबा आमच्या घरी, ओटीवर. लपवायचा आईनं. आकडे बदलायचे मी. 'घरमालकिणीची परवानगी आहे' असं मॅडमनी माझ्याकडून अ‍ॅपवर लिहून घेतलं. वड्या आता वेगळ्या ताटलीत मिळतात, म्हणजे नायरही खूश.

आता दर रविवारी आमच्या ओटीवर माणसं येतात, आई त्यांना खाडी दाखवते, आणि ग्रुपवर माझाही मान वाढला असेल असं मला वाटत होतं. परवा दुपारी जेवून ओटीवरच जरा आडवा झालो होतो. उठून अ‍ॅप उघडलं, तर डोंबिवलीच्या कुणाची तरी ताजी नोंद:

'डबा सापडला. शेजारीच एक गृहस्थ बनियनवर घोरत पडले होते. बाहेरचा माणूस दिसला, म्हणून चाहूल लागू दिली नाही.'