ग्रीनवरची फुगडी

मार्चमधल्या एका शनिवारी बॉसने आम्हा दोघांना त्याच्या गोल्फ क्लबवर बोलावलं, तेव्हा माझ्या वर्क परमिटच्या मुदतवाढीचे कागद त्याच्या टेबलावर सहीसाठी पडलेले होते. सही झाली नाही तर नीउ-व्हेनेप या डच गावातलं घर, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून परत पुणं. त्यामुळे ‘हिवाळ्यात खराब झालेलं गवत आम्ही सभासदच दुरुस्त करतो, बायकोलाही आण,’ असं तो म्हणाल्यावर मी जन्मभर गवतच लावत आल्यासारखी मान डोलावली. आमच्या घरची तुळससुद्धा बायको जगवते.

आत शिरलो आणि बायकोने माझं कोपर दाबलं.

“अहो, ही तीच जागा.”

झालं होतं असं, की संक्रांतीच्या सकाळी दव गोठून सगळं पांढरंफटक पडलं होतं. सासूबाईंना बर्फातला फोटो हवा होता, आणि खरा बर्फ काही पडत नव्हता. सायकलच्या रस्त्यालगत इस्त्री केल्यासारखी एक हिरवळ दिसली. मधोमध झेंडा, कुंपण नाही. कोणाची तरी बाग असेल म्हटलं. बायको काळ्या साडीत, कॅमेरा मुलीच्या हातात. नुसतं उभं राहून फोटो मेला उठेना, म्हणून आम्ही फुगडी घातली. मी वजनदार माणूस. एकदा सुरू झालो की थांबायला वेळ लागतो.

तो फोटो ऑफिसात माझ्या डेस्कवर लावलेला होता. झेंड्यासकट. बॉसने येताजाता दोनदा साडीचं कौतुकही केलं होतं.

क्लबचा माळी, साठीचा अबोल माणूस, आम्हाला काम समजावत होता. मेलेलं गवत पोकळ दांड्याने चकतीसारखं काढायचं, तिथे दुसरीकडची जिवंत चकती बसवायची, वर वाळू. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पाती आतून मोडतात, म्हणून हिवाळ्यात इथे कोणी पाय ठेवत नाही, हेही त्याने सांगितलं. मी बायकोकडे बघायचं टाळलं.

ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, झेंड्याशेजारी तपकिरी वर्तुळ होतं. कंपासने काढावं तसं.

“बुरशी,” माळी म्हणाला. “थंडीतली बुरशी अशीच गोल वाढते.”

“मग शरद ऋतूतच औषध का नाही मारलंस?” बॉसने सगळ्यांसमोर विचारलं. “दोन वर्षं झाली, दर वेळी काहीतरी राहतंच तुझं. आता कमिटीला काय सांगू मी?”

माळ्याचे कान लाल झाले. त्याने वाळूची बादली जवळ ओढली.

“बोला ना,” बायको दातांमधून म्हणाली.

“सोमवारी सही आहे.”

“त्याचीही नोकरी आहे.”

मी गुडघ्यांवर होतो. तसाच बसून म्हणालो, “बुरशी नाही. आम्ही आहोत.”

कोणाला काही समजेना. शेवटी आम्हाला पार्किंगच्या खडीवर फुगडी घालून दाखवावी लागली. पंधरा डच माणसं, हातात फावडी घेऊन, बघत होती. मला गरगरलं, फुगडीने की भीतीने, माहीत नाही. माळ्याने दाताळ्याच्या दांड्याने खडीवरचं वर्तुळ मोजलं, ग्रीनवर जाऊन तेही मोजलं आणि बॉसकडे बघून होकारार्थी मान हलवली.

“तुझ्या डेस्कवरचा फोटो,” बॉस सावकाश म्हणाला. “सोमवारी दहाला ये.” आणि निघून गेला.

रविवारी मी जेवलो नाही. बायकोने पोटमाळ्यावरच्या सुटकेसा पुसल्या. ती म्हणते, धूळ होती म्हणून.

सोमवारी बॉसने कागद पुढे सरकवले. सहीखाली शुक्रवारची तारीख होती. म्हणजे मी शनिवारी गप्प बसलो असतो, तरी चाललं असतं. आणि दोष माळ्याच्याच माथी राहिला असता. मी गप्प बसण्याच्या किती जवळ होतो हे कळल्यावर मला आदल्या दोन दिवसांपेक्षा जास्त भीती वाटली.

“कमिटीशी मी बोललोय,” तो म्हणाला. “माळ्याची माफीही मागितली. गवत धरेपर्यंत दर शनिवारी सकाळी आठला तू त्याच्या हाताखाली. बूट सपाट तळाचे आण.”

मेअखेरपर्यंत गेलो. माळी माझ्याशी फारसं बोलला नाही, पण माझ्या गुडघ्यांखाली घ्यायला त्याने एक जुनी गादी आणून ठेवली होती.