उन्हात काढलेला मॉनिटर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण गुजरातेतल्या सचिन गावच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, उभा जन्म रंगात गेला, त्यामुळे रंगाबद्दल कुणी मला शिकवायला आलं की डोकं फिरतं. आमचा एकच कायदा होता. ट्यूबलाइटखाली पास केलेला रंग खरा नाही. कापड दारात न्यायचं, उन्हात धरायचं, मग बोलायचं.

माझी नात भेस्तान गावातल्या आमच्या घरी बसून साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढते. तिच्या भावाने गेम खेळायला घेतलेला मॉनिटर आता तिच्याकडे आहे. त्यावर राणी रंग असा पेटायचा की बघत राहावं! छापून आलेला नमुना मात्र विटका, काठावरच्या कोयऱ्या काळ्यात बुडालेल्या. व्यापाऱ्याने परत पाठवला. अजून एक नमुना बघतो म्हणाला, नाहीतर काम दुसऱ्याला. तिचं पहिलंच मोठं काम. पोरगी धड जेवेना.

मी म्हटलं, "मॉनिटर उन्हात काढ."

"आबा, ते काय कापड आहे का?"

"रंग दाखवतो ना? मग काढ!"

ऐकतो कोण! लांब वायर जोडून ओट्यावर नेलाच. भर उन्हात राणी रंग गायब, काळ्या काचेत माझंच थोबाड. शेजारचा गुजराती ओरडला, "काका, टीवी सुकववा मूक्युं के?" टीव्ही वाळत घातलाय का म्हणे! माझी म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. नातही हसली, किती दिवसांनी!

मी चुकलो असं आजही म्हणणार नाही. उन्हात नेला म्हणून तर कळलं. कापड दुसऱ्याच्या उजेडावर जगतं, हा स्वतःच्या. मग याला अंधार पाहिजे! खिडक्यांवर चादरी मीच ठोकल्या.

नातीने मैत्रिणीकडून रंग मोजायचं यंत्र आणलं होतं, तंबाखूच्या डबीएवढं. ते काचेवर लटकवलं आणि काय सांगू! पडदा आपोआप लाल, हिरवा, निळा होऊ लागला. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या छटा. मी जागचा हललो नाही.

"काळ्यातून पांढऱ्याकडे उजेड कसा चढत जातो, त्याला गॅमा म्हणतात," ती म्हणाली. "गेममध्ये अंधारात लपलेला माणूस दिसावा म्हणून हा काळं उजळून दाखवायचा. रंगही भडक करायचा."

मोजणी संपली, पडदा त्या मापाने आपोआप सुधारला आणि राणी रंग एकदम उतरला. कोयऱ्या बुडाल्या.

"बिघडवलंस!" मी ओरडलो.

तिने एका चादरीची कड वर केली आणि आलेल्या उजेडात नापास झालेला नमुना पडद्याशेजारी धरला. तोच रंग! त्याच बुडालेल्या कोयऱ्या! विटका तर विटका, पण दोन्हीकडे सारखा. आम्ही दोघं असे ओरडलो की म्हातारी पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"काय झालं?"

"खराब दिसतंय!" मी आनंदाने सांगितलं.

आता काय सुधारायचं ते डोळ्यांना दिसत होतं. तिने रंग चढवला, कोयऱ्या उजळ केल्या, छापायला पाठवलं.

नवा नमुना आला तेव्हा तिला पुडकं उघडायचा धीर होईना. मी उघडलं. ओट्यावर गेलो, कापड उन्हात धरलं. राणी म्हणजे राणी! आणि कोयरी न् कोयरी वेगळी!

"पास!" डाइंगच्या खात्यात ओरडायचो तसा ओरडलो.

व्यापाऱ्याने नंतर केला. आधी मी.