मधली रेघ

सिल्वासाच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या अलकाबाईंनी चाळिशी उलटल्यावर संशोधनाचं मनावर घेतलं, ते म्हणजे हात दाखवून अवलक्षणच होतं. दिवसभर खडूची पूड खायची, संध्याकाळी टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये येऊन कुकर लावायचा, आणि वर हे. पण मुंबईच्या एका कॉलेजात नवीच पदवी निघाली होती. स्वतः चित्रं काढायची आणि काढता काढता काय सापडलं ते सांगायचं. बाईंना एकच दाखवायचं होतं, की आपला हात अजून आपला आहे.

शंका यायला कारण होतं. ऐन पंचविशीत कोकणातून इथे नोकरीला आल्या तेव्हापासून त्या 'मुक्तहस्त' शिकवत होत्या. आता या विषयाची गंमत बघा. नाव मुक्तहस्त, पट्टी लावली तर गुण कापणार. पण फुलदाणीची डावी बाजू उजवीसारखीच यायला हवी, म्हणून आधी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची. "मधली रेघ मारलीत का?" हे बाई झोपेतसुद्धा विचारतात, असं त्यांचे यजमान रघुनाथराव सगळ्यांना सांगत.

तर बाईंनी ठरवलं, मधली रेघ नाही, ठरलेला आकार नाही, येईल ते काढायचं. वर्षभर काढलं. डोळे मिटत असताना, पाय सुजलेले असताना काढलं. खानवेलचं रान, डोकमर्डीच्या चाळी, कधी नुसत्या रेघोट्या. मग एका रविवारी सगळे कागद घरभर पसरले आणि बाई एकेक न्याहाळू लागल्या.

रेघ होतीच. कुठे झाड, कुठे विजेचा खांब, कुठे दोन चाळींमधला बोळ, पण प्रत्येक कागदाच्या बरोब्बर मध्यावर. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच.

"जित्याची खोड," रघुनाथराव चहा ओतता ओतता बोलून गेले. बायकोचा चेहरा पाहून वरमले. "अगं, ब्लेड घे आणि कडा काप. रेघ सरकेल बाजूला. मुंबईवाल्यांना काय कळतंय!"

लबाडी होती, आणि ते बाईंना कळत होतं. पण माणूस फार थकला की लबाडीसुद्धा सोयीची वाटते. त्या खाली मान घालून कापत सुटल्या. शेवटचा कागद झाल्यावर वर पाहिलं, तर रघुनाथराव कागदांकडेच बघत होते. बाईंनी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी सारखाच कापला होता. रेघ जिथल्या तिथे.

त्या आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "अहो, म्हणजे इतकी वर्षं हा हात शाळेचाच होता," त्या म्हणाल्या. रघुनाथराव उठले. त्यांनी चहा परत गरम केला.

महिन्याभराने वापीहून गाडी पकडून बाई मुंबईला गेल्या. चित्रं मांडली आणि शेजारी कापलेल्या पट्ट्यांचा ढीग ठेवला. परीक्षक वयाने लहान होते. "बाई, हा कचरा कशाला आणलात?" त्यांनी विचारलं.

बाईंनी रेघेचं सांगितलं, ब्लेडचं सांगितलं, लबाडीचंही सांगितलं. "मोकळा हात दाखवायला निघाले होते, तो काही सापडला नाही. चित्रं सवयीने काढली, कापलीही सवयीनेच. या पट्ट्या टाकून द्यायच्या की इथे आणायच्या, एवढंच काय ते मी ठरवलं."

परीक्षकांनी एक पट्टी उचलली, बराच वेळ हातात धरली आणि परत जागेवर ठेवली.

पदवी मिळाली. निकाल कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी आठवीच्या फळ्यावर 'मुक्तहस्त' लिहिलं आणि फुलदाणी काढायला खडू टेकवला. हात आपोआप मधोमध गेला होता. बाई थांबल्या. मागे पोरं वाट पाहत होती, परीक्षा तोंडावर आली होती. त्यांनी रेघ मारली.