म्हात्रे शेठच्या गाडीचे कॅम

नव्या कॅमची जोडी टेबलावर कापड अंथरून ठेवली होती. शेजारी गाडीतून काढलेली जुनी जोडी. म्हात्रे शेठ कमरेवर हात ठेवून एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे.

"आता बोला कर्णिक साहेब. टाकायचा का नाय?"

"टाकूया," मी म्हणालो.

याहून जास्त विचार मी केला नव्हता. पुढे जे घडलं त्याचा दोष भलत्याच माणसाला लागला आणि मी तो लागू दिला. ज्यांना ज्यांना ती गोष्ट चुकीची माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ओळख करून देतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी इंजिन टेस्टिंगला होतो. रिटायर झाल्यावर तुर्भे एमआयडीसीत वसंत मोकल या जुन्या सहकाऱ्याबरोबर एक गाळा घेतला. लेथचं काम तो बघायचा, इंजिन उघडणं-बांधणं माझ्याकडे. मोठ्या मोटरसायकली आमच्याकडे यायच्या. म्हात्रे शेठ करावे गावचे, साठीच्या जवळपासचे. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि मिठागरात वडिलांबरोबर राबलेल्या या माणसाने परदेशी टूरिंग मोटरसायकल घेतली. टूरिंग म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी. दोन मोठे सिलेंडर, मागे आरामखुर्चीसारखी सीट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. गाडी ते झकास चालवायचे. रविवारी पोरांचा ग्रुप निघाला की सर्वांत पुढे शेठ.

या वेळी मात्र ग्रुपची फेरी नव्हती. मागच्या सीटवर त्यांची बायको मंदाताई बसणार होत्या. मुलीने फोनवर हंपीचे फोटो दाखवले होते आणि मंदाताईंच्या मनात ते देवळांचं गाव बसलं होतं. त्या गाळ्यावर आल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "लग्न झाल्यापासून जेजुरी नि एकवीरा, एकवीरा नि जेजुरी. मी यांना बोल्ले, गाडीवर बसते, पन एक डाव तिसरीकडं न्या."

प्रवासाआधी चेकिंगला गाडी आमच्याकडे आली. कॅम फिरवणाऱ्या चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा तुकडा, झिजला होता. तो बदलायला कव्हर उघडलंच होतं. इथेच मोह होतो. उघडलंच आहे तर हेही बदलू, असं वाटतं. आमच्या धंद्यातली निम्मी नको ती कामं अशीच होतात. ग्रुपमधल्या दोघांनी जास्त लिफ्टचे कॅम टाकले होते आणि सिग्नल सुटला की ते शेठच्या पुढे जायचे. शेठने भाच्याकरवी तसेच कॅम मागवले.

कॅम म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत येतं एका झडपेतून, धूर बाहेर जातो दुसऱ्या झडपेतून. या झडपा उघडतो तो कॅम. एक फिरता दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचा उंचवटा. उंचवटा वर आला की झडप उघडते. ती किती उघडते ती लिफ्ट. किती वेळ उघडी राहते ते ड्युरेशन. वाशीच्या भाजी मार्केटचं गेट डोळ्यांसमोर आणा. गेट मोठं केलं आणि उशिरापर्यंत उघडं ठेवलं, तर रेटा असताना भरपूर माल आत येईल. पण रेटा नसताना तेच गेट उघडं राहिलं, तर आलेला माल परत बाहेर जायला लागेल. इंजिन जोरात फिरतं तेव्हा रेटा असतो. सावकाश फिरतं तेव्हा नसतो. म्हणून असा कॅम वरच्या स्पीडला ताकद देतो आणि खालच्या स्पीडची ताकद काढून घेतो. कंपनीचा कॅम याच्या उलट. तो दिसायला मामुली, पण माणसं आणि सामान लादून चढावर गाडी सावकाश ओढायची, तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

हे मला सगळं माहीत होतं. आयुष्यभर हेच केलं होतं. तरी 'टाकूया' म्हणालो. कारण साधं होतं. त्या जातीच्या इंजिनात कॅम बदलायचं काम मी कधी केलं नव्हतं आणि मला ते करायचं होतं. शेठने प्रश्न गाडीबद्दल विचारला होता. मी उत्तर माझ्याबद्दल दिलं.

वसंत एवढंच म्हणाला, "हे दोघं ओझं घेऊन जाणार आहेत ना रे?"

"शेठचा हात बसलेला आहे. सांभाळतील."

"बघ बाबा. गिऱ्हाईक तुझं."

कॅम बसवले. त्याला लागणाऱ्या स्प्रिंगा बदलल्या, पेट्रोलचं ट्यूनिंग नव्याने केलं. काम स्वच्छ झालं होतं, ते आजही सांगेन. मग कंप्रेशन बघितलं. स्पार्क प्लगच्या जागी एक गेज लावायचं, स्टार्टर मारायचा. आत किती दाब तयार होतो तो काट्यावर दिसतो. इंजिन उघडण्यापूर्वी बघितलं होतं, त्यापेक्षा काटा बराच खाली थांबला. सावकाश फिरताना माल गेटातून परत चालला होता, त्याचा हा पुरावा.

वसंतने काट्याकडे बघितलं आणि माझ्याकडे. "पेट्या भरून, मागे कुणाला तरी बसवून चालवून बघू या का?"

"कोण बसतंय आता? पाम बीचला मारून आणतो एक फेरी."

आमच्याकडे गाडीचं काम झालं की ती पाम बीच रोडला न्यायची, असा सगळ्या गॅरेजवाल्यांचा रिवाज आहे. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता. सकाळी लवकर मोकळा मिळाला तर कुठलीही गाडी तिथे चांगलीच पळते. चढ नाही, वळण नाही, ओझं नाही. शिकलेला माणूस मी, टेस्टिंगमध्ये जन्म गेला, आणि डोंगर चढायच्या गाडीची परीक्षा खाडीकाठच्या सपाट रस्त्यावर घेतली. तीही एकटा बसून. गाडी सणसणत गेली. परत आलो तेव्हा मी हसत होतो.

"कशी हाय?" शेठने विचारलं.

"विमान आहे."

हा शब्द त्यांनी पुढे ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितला.

ते दोघं निघाले. कऱ्हाडपर्यंत सोबत ग्रुपमधली तीन पोरं येणार होती. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जायचं होतं. घाटात एका वळणावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून शेठ थांबले. ट्रक हलला. शेठने नेहमीच्या सवयीने, इंजिन फारसं न वाढवता, क्लच सोडला. जुन्या कॅमवर गाडी अशीच अलगद उचलायची. या वेळी इंजिन बंद पडलं. पेट्या भरलेली गाडी मागे सरकली आणि आडवी झाली. शेठना खरचटलं. मंदाताईंचं मनगट मोडलं. पोरांनी गाडी उचलली, या दोघांना चिपळूणला नेलं आणि मग घरी आणलं.

मी नेरूळच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. मंदाताईंच्या हाताला प्लास्टर होतं. शेठ खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. ग्रुपमधला एक जण खिडकीशी उभा होता. "शेठ, आता स्कूटर घ्या," तो हसत म्हणाला. "ऑटोमॅटिक. क्लचची भानगडच नाय."

मंदाताई माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमी सांगा यांना. आगोदर इंजिन गप झाला. मग आमी पडलो. मी मागं बसलेली, मना म्हाईत."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"घाटात होतं असं," मी म्हणालो. "क्लच जरा लवकर सुटला असेल."

शेठने मान हलवली. जणू त्यांनाही तेच वाटत होतं.

त्यानंतर गोष्ट पसरली ती अशी: म्हात्रे शेठचं वय झालं, हातातून गाडी गेली. मी ती कुठे पुढे सांगितली नाही. खोडलीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, एवढी जड गाडी, काय करणार. पुढे मी गाळ्याचं काम वसंतवर सोपवलं आणि घरी बसलो. गुडघे दुखतात, असं सांगितलं. गुडघे दुखत होते, हेही खरं.

दोन वर्षांनी शेठचा फोन आला. "गाडी विकायची हाय. येऊन बघा, काय किंमत येईल."

करावे गावात त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी कव्हर घालून उभी होती. मी कव्हर काढलं. पुसलेली, चकचकीत. मी भोवती एक चक्कर मारली. शेठ जिन्यावरून उतरले ते कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. दोन वर्षांपूर्वी हा माणूस वळणावर गाडीसकट झुकून जवळजवळ जमिनीला टेकायचा.

"शेठ, पाय दुखतो का?"

"पाय नाय. भरवसा नाय. घाटापासून स्कूटरला पन हात लावला नाय. नातवाला शालेत सोडायचा तर पोरगा जातो. माज्या हातातून पोर पडला तर?"

मी गाडीला हात टेकून उभा राहिलो. मग बोललो.

"शेठ, गाडी तुमच्या हातातून नाही पडली. मी टाकलेल्या कॅमने सावकाश चालताना इंजिनाची ताकद गेली होती. तुम्ही क्लच बरोबर सोडलात. नेहमीसारखाच सोडलात. इंजिनच नेहमीचं नव्हतं."

वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मंदाताई कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबल्या.

"ह्या तुमाला कवा कलला?" शेठने विचारलं.

"गाडी तुमच्या ताब्यात देण्याआधी शंका आली होती. हॉस्पिटलमध्ये खात्री झाली."

"हास्पिटलान?"

"हो."

"आनि तुमी क्लच बोल्लात."

"हो."

शेठने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले आणि उलटसुलट करून बघितले.

गॅलरीतून मंदाताई म्हणाल्या, "मी तवाच बोल्ले व्हते. पन मागं बसनाऱ्याचा कोन आयकतो?"

जुने कॅम वसंतकडे फळीवर तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले होते. आम्ही काढलेला चांगला पार्ट कधी टाकत नाही. गाडी तुर्भ्याला आणली आणि वसंतबरोबर मी जुनी जोडी परत बसवली. कंप्रेशन बघितलं. काटा पूर्वीच्या जागी गेला. वसंत म्हणाला, "आता पाम बीचला नेतोस?"

गाडी करावेला पोचवली तेव्हा शेठ तिच्याभोवती फिरले, पण बसेनात. मग मंदाताई खाली आल्या.

"ट्रायल घ्यायची ना?" त्या मला म्हणाल्या. "मग सगला सामान लावून घ्या. तांदूल घाला पेट्यांमदे. आनि मागं तुमी बसा. मी नाय बसनार."

"अहो, माझं वय..."

"माजा काय कमी हाय?"

दोन्ही पेट्यांत तांदळाच्या गोणी गेल्या. आम्ही बेलापूरला पारसिक हिलच्या रस्त्याने निघालो. तिथला चढ उभा आहे आणि वळणं घाटासारखी. गाड्यांची परीक्षा घ्यायला इतका चांगला चढ माझ्या घरापासून इतक्या जवळ होता, आणि इतकी वर्षं मी तिथे संध्याकाळी फक्त पाय मोकळे करायला जात होतो. अर्ध्या चढावर पाण्याचा टँकर वळत होता. शेठ थांबले. दोन्ही पाय जमिनीला लावले. मागून मला त्यांची मान ताठ झालेली दिसत होती. तोंडातून 'जरा जास्त रेस द्या' निघणार होतं, ते मी गिळलं.

टँकर गेला. शेठने पूर्वीच्याच सवयीने क्लच सोडला. गाडीने जराही न थरथरता आम्हा दोन म्हाताऱ्यांना आणि तांदळाला उचललं आणि वर नेलं.

वर पोचल्यावर शेठने इंजिन बंद केलं. थोडा वेळ खालचं शहर बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "माजा खांदा सोडा आता. दुखाय लागला."

गाडी विकली नाही. पुढच्या रविवारी ग्रुपच्या पोरांना चहाच्या टपरीवर मी जे खरं होतं ते सांगितलं. एकाने विचारलं, "काका, मग दोन वर्षं काय करत होतात?" शेठ आता नातवाला स्वतः शाळेत सोडतात. मंदाताई मुलीबरोबर गाडीने, म्हणजे चारचाकीने, हंपी बघून आल्या. मोटरसायकलवर त्या पुन्हा बसल्या नाहीत. ते मला दुरुस्त करता आलेलं नाही.

नवे कॅम टाकावेत का, असं अजूनही कुणीतरी मला फोनवर विचारतं. मी सांगतो, आधी मागे कोण बसणार आहे ते सांगा, त्यांना काय हवंय ते विचारा. आणि कामाची ट्रायल घ्याल तेव्हा पेट्या भरा, चढ शोधा आणि मेकॅनिकला मागे बसवा. तो नको म्हणाला, तर कॅमही नको.